दिवाळीला नको, येळवशीला या



काल १९ डिसेंबरला येळवस झाली. आज सकाळी कोपीचा कडबा सोडून गुरांपुढं टाकला, उरलेली आंबील प्यायलो आणि लिहायला बसलो. या पेजवर मी एरवी वाफसा, फवारणी, बाजारभाव असल्याच नोंदी टाकतो. आजची नोंद जरा घरातून जाणारी आहे, पण शेतीचीच आहे. दोन महिने लिहू का नको करत होतो.

मुद्दा आधीच सांगतो. नोकरीसाठी बाहेर गेलेल्या भावाबहिणींना गावाकडं बोलवायची वेळ आपण चुकीची धरलेली आहे. सोयाबीनच्या पट्ट्यात दिवाळी हा आता घरच्यांना निवांत भेटायचा सण राहिलेला नाही. ते काढणी-मळणीचे आणि हरभरा पेरायचे दिवस आहेत. तरी आपण सगळे तिथंच अडून बसलोत, आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या घरात त्याचं भांडण होतंय. यंदा माझ्या घरात झालं.

पाच एकर सोयाबीन होतं. २० जूनच्या पुढंमागं पेरलेलं, केडीएस ७२६ म्हणजे फुले संगम. शंभर-एकशेपाच दिवसांचा वाण. हिशेबानं सप्टेंबर संपता संपता कोयता लागायला हवा होता. सप्टेंबरात काय झालं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. तेरणेचं पाणी आमच्या रानापर्यंत आलं नाही, पण वरून पडलेलंच निचरलं नाही. शेंगा झाडावरच काळ्या पडल्या, खालच्या शेंगांतल्या दाण्याला कोंब आले. वाफसा यायला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला. मग सगळ्या गावाची काढणी एकदम आली. मजूर मिळेनात. गुत्तं एकरी साडेपाच हजारावर गेलं. कसंबसं काढून बनीम लावली, वर ताडपत्री टाकली आणि मळणीयंत्राच्या नंबराची वाट बघत बसलो.

नंबर लागला २१ ऑक्टोबरला, दुपारी चार वाजता. २१ ऑक्टोबर म्हणजे लक्ष्मीपूजन.

धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे. बायको-पोरांना घेऊन दोन दिवस आधीच आला होता. दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले किती पैसे घेतात ते तुम्हाला माहीत आहे. रात्रभर बसून आला आणि सकाळी बघतो तर दादा शेतात. दुसऱ्या दिवशी पण दादा शेतात. लक्ष्मीपूजनाला तरी दादा घरी असेल म्हणून पोरं नवे कपडे घालून बसली, आणि मी यंत्राच्या तोंडाशी पेंढ्या टाकत होतो. आभाळ भरून आलेलं. यंत्रवाल्याला नको म्हणालो असतो तर पुढचा नंबर पाच दिवसांनी होता.

रात्री साडेनऊला घरी आलो. अंगभर भुसा, डोळे लाल. पूजा त्यानं एकट्यानं उरकली होती. ओट्यावर बसला होता. म्हणाला, "दादा, वर्षातून एकदा येताव आम्ही. लॉजवर आल्यासारखं वाटलालंय."

मी म्हणालो, "जेवण तयार हाय ना? मग जेवा, झोपा, अन् सुट्टी संपली की जावा."

आई आतून ऐकत होती. भावजय पण. पाडव्याच्या दुपारी त्यांनी पिशव्या भरल्या आणि गेले. २३ तारखेला भाऊबिजेला बहीण आली, तेव्हा ओवाळायला एकच भाऊ होता.

आता यातली खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट सांगतो. ज्या सोयाबीनपायी मी त्याला असं बोललो, त्याच्या बियाण्या-खताला जूनमध्ये चाळीस हजार त्यानंच टाकले होते. मी मागितले नव्हते. पीककर्जाचं नवं-जुनं रखडलंय हे आईकडून कळल्यावर त्यानं आपणहून खात्यावर पाठवले. त्या रात्री हे माझ्या ध्यानातच आलं नाही. का खोटं बोलू, ध्यानात होतं, आणि म्हणूनच जास्त राग आला असेल. एकरी साडेतीन क्विंटल झालं होतं. हमीभाव ५,३२८ रुपये कागदावर, आणि माझ्या डागी मालाला आडतीत ३,४०० लागले. जो माणूस चाळीस हजार देतो त्याच्यासमोर असं पीक घेऊन उभं राहायला जड जातं. शेतकऱ्याचा राग पुष्कळदा असाच असतो. आभाळावर काढता येत नाही, बाजारावर काढता येत नाही, मग घरातलं कुणीतरी सापडतं.

ते गेल्यावर मी आबांच्या वह्या काढल्या. आमचे आबा शाळा चौथीपर्यंतच शिकले, पण पेरणी-काढणीच्या तारखा लिहून ठेवायचे. साल १९८० च्या पुढच्या पाच-सहा वह्या शिल्लक आहेत. हरभरा उशिरा पेरला तर काय होतं ते बघायला काढल्या होत्या, आणि वाचता वाचता दुसरंच दिसलं. आबांच्या वहीत दिवाळीच्या दिवसांत कामाच्या नोंदी जवळजवळ नाहीत.

त्याचं कारण साधं आहे. तेव्हा आमच्याकडं सोयाबीन नव्हतं. मूग साठ-पासष्ट दिवसांत आणि उडीद सत्तर-पंचाहत्तर दिवसांत पोळ्याच्या पुढंमागं घरात यायचा. हायब्रीड ज्वारी दसऱ्याच्या आसपास कापली जायची. अर्धं रान खरिपात मोकळंच ठेवलेलं असायचं, पाळ्या घालून तयार. त्यात हस्ताच्या ओलीवर शाळू पेरला की दिवाळीला माणूस रिकामा. खरीप घरात, रब्बी उगवलेली, कोळपणीला अजून वेळ. त्या रिकाम्या जागेत दिवाळी बसत होती.

बाकीचे सण पण तसेच बघा. पंचमीला लेकी माहेरी येतात, कारण पहिली खुरपणी झालेली असते. पोळा येतो तेव्हा कोळपण्या थांबलेल्या असतात, पीक दाटलेलं असतं, बैलाला शेतात जाताच येत नाही. घट बसतात रब्बीच्या तोंडाशी. घटातलं धान्य कसं उगवतं ते बघून बियाण्याचा अंदाज घ्यायचा, म्हणजे घरातलीच उगवण चाचणी. मी काही सगळ्या सणांमागं विज्ञान शोधणाऱ्यांपैकी नाही, व्हॉट्सअपवर ते फार चालतं. पण कामाच्या दोन लाटांच्या मधल्या फटीत सण बसवलेले होते, एवढं आबांच्या वहीवरून सरळ दिसतं.

मग नव्वदच्या दशकापासून आपल्याकडं सोयाबीन पसरलं. मूग-उडीद गेला, हायब्रीड गेली, मोकळं ठेवायचं रान गेलं. सोयाबीननं पैसा दिला, ते नाकारण्यात अर्थ नाही. याच पैशात भावाचं शिक्षण झालं. पण सोयाबीनची काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, त्याच्या मागोमाग हरभऱ्याची पेरणी, आणि मधली फट बुजली. दिवाळी होती तिथंच राहिली. तिच्याखालचं पीक बदललं. आणि नेमकं त्याच काळात घरातली अर्धी माणसं पुण्या-मुंबईला गेली, त्यांना सगळ्यात मोठी सुट्टी मिळते ती पण दिवाळीचीच. हे दोन्ही एकमेकांवर आदळलं. यात ना भावाची चूक ना माझी, पण बोलणी आम्ही एकमेकांना लावली.

यात आणखी एक गंमत आहे, ती कॅलेंडर समोर धरून बघा. पीक चालतं सूर्यावर. म्हणून पावसाची नक्षत्रं दर वर्षी त्याच तारखांना येतात. मृग ७-८ जूनला, हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास. सण मात्र चालतात चंद्रावर. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळं सण दर वर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतात, आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना आला की एकदम पुढं ढकलले जातात. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं. २०२४ ला १ नोव्हेंबर. यंदा २१ ऑक्टोबर. २०२३ च्या दिवाळीला आमच्यात भांडण का झालं नाही, हे मला आता कळलं. तेव्हा मळणी होऊन माल आडतीला गेला होता, हरभरा पेरून झाला होता, मी घरी बसून पुतणीसोबत किल्ला केला होता. भाऊ तोच, मी तोच. फरक बावीस दिवसांचा.

पुढच्या तारखा मी वहीत लिहून ठेवल्यात, तुम्ही पण ठेवा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून दिवाळी ८ नोव्हेंबरला. ती निवांत जाईल. २०२७ ला २९ ऑक्टोबर, म्हणजे पाऊस लांबला तर ओढाताण. २०२८ ला १७ ऑक्टोबर. त्या वर्षी सोयाबीनवाल्यानं कुणाला आग्रहानं बोलवूच नये, किंवा बोलवायचं तर सांगून बोलवावं की बाबा, मी घरी नसणार, आईला भेटायला ये.

कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले काही मित्र हे वाचतात. ते म्हणतील वाण बदल. परभणीचे एमएयूएस ७१, एमएयूएस ६१२ हे आठ-दहा दिवस आधी येतात. बरोबर आहे, आणि पुढच्या साली मी दोन एकर त्यातलं टाकणार आहे, म्हणजे सगळी काढणी एका आठवड्यात अंगावर येणार नाही. पण यंदा तो वाण असता तरी वाचला नसता. २० जूनला पेरलेलं पंच्याण्णव दिवसांचं पीक नेमकं पुराच्या आठवड्यात कापणीला आलं असतं. वाणानं कामाचं ओझं वाटून घेता येतं, पावसाची खात्री त्यातून येत नाही. घरातल्या माणसांचं वेळापत्रक तर त्याहून वेगळं.

आता येळवशीवर येतो. विदर्भ-खानदेशातल्या वाचकांसाठी सांगतो, मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या तोंडी येळवस. लातूर-धाराशिवकडं हा दिवाळीपेक्षा मोठा सण आहे म्हटलं तरी चालेल. जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते. शहरातली दुकानं बंद, रस्ते ओस, सगळा गाव रानात. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेतात जेवायला बोलावणं असतं. कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, आंबील शिंपत पिकाला फेरी घालायची आणि झाडाखाली पंगत. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि माठातली आंबील. संध्याकाळी कडब्याची चूड पेटवून रानाभोवती फिरवायची. सीमेपलीकडं बिदर-कलबुर्गीच्या भागात यालाच एळ्ळ अमावस्या म्हणतात. कन्नडमध्ये एळ्ळ म्हणजे तीळ. आपलं 'येळवस' तिकडूनच आलं असावं, 'वेळ' वगैरे नंतर जोडलेलं, असं माझं मत. कुणाला जास्त माहिती असेल तर सांगा.

माझ्या मुद्द्याला महत्त्वाचं हे, की येळवस अजून फटीतच आहे. रब्बीचं वेळापत्रक खरिपाइतकं बदललं नाही. डिसेंबरअखेर-जानेवारीत हरभरा फुला-घाट्यात असतो, शाळू पोटरीत नाहीतर निसवलेला, तूर भरलेली. कोळपणी झालेली, काढणी लांब. फार तर एखादी फवारणी, नाहीतर रात्रीचं पाणी. माणूस दिवसा बसू शकतो. आणि शेत बघण्यासारखं असतं. दिवाळीत येणाऱ्या पोरांना शेतात काय दिसतं? चिखल नाहीतर धसकटं. 

तारीख मात्र ही पण सरकते. २०२४ मध्ये ११ जानेवारीला होती तेव्हा हुरडा खाल्ला होता. त्याच साली ३० डिसेंबरला परत आली. यंदा १९ डिसेंबर, त्यात पेरण्या उशिरा, त्यामुळं शाळू अजून पोटरीत आणि हरभऱ्याला नुकती फुलं. भज्जीला ओला हरभरा बाजारातून आणावा लागला, शेतकऱ्याच्या घरी. पुढची येळवस ७ जानेवारी २०२७ ला आहे. म्हणजे २०२६ या सालात येळवसच नाही.

दोन महिने भावाचा फोन नव्हता. आईशी बोलायचा, माझ्याकडं फोन द्यायची वेळ आली की "ड्युटीवर जातो" म्हणायचा. येळवशीच्या आठ दिवस आधी आई त्याला म्हणाली, "आबा गेल्यापासून पांडवाला दोघं मिळून पाणी घातलं न्हाई तुम्ही." त्यानं सांगितलं, शुक्रवार आहे, चाकणला कुठली येळवस, रजा मिळत नाही. खरंच होतं ते. आपल्या सणाची सुट्टी आपल्या जिल्ह्यापुरती.

शुक्रवारी सकाळी सहाला मी धारा काढत होतो, तर हा गेटातून आत. एकटाच, एक सॅक घेऊन. सेकंड शिफ्टच्या माणसासोबत अदलाबदल केली होती. रात्रीच्याच गाडीनं परत जायचं होतं. मी म्हणालो, "चहा घे." तो म्हणाला, "घेतो."

शेतात गेल्यावर कोप बांधायला घेतली. मला ती कधीच नीट जमली नाही. पेंढ्यांचे शेंडे एकत्र बांधले की माझी कोप एका बाजूला कलते. लहानपणी आबा याला खांद्यावर घेऊन वरची गाठ मारायला लावायचे, कारण हा हलका. पंधरा वर्षं शेतीत नसलेल्या माणसानं दहा मिनिटांत गाठ मारली आणि कोप सरळ उभी राहिली. मी खालून पेंढ्या देत होतो. तेव्हा काही बोलणं झालं नाही.

जेवणं झाल्यावर तो हरभऱ्यात फिरायला गेला. खालच्या अंगाला, जिथं पाणी साचलं होतं, तिथं झाडं वाळताना दिसली त्याला. एक उपटून आणलं. "हे काय झालंय?" मी खोड उभं चिरून दाखवलं. आतून काळपट पडलेलं. मर रोग आहे, बुरशी जमिनीतच असते, ट्रायकोडर्मा लावून पेरलं तरी खोलगट जागेत यंदा जास्त आला, त्या पट्ट्यात पुढची दोन-तीन वर्षं हरभरा घ्यायला नको, असं सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, मग तिथं काय घेणार? मी म्हणालो, गहू नाहीतर ज्वारी. तो म्हणाला, चारी काढून पाणी ओढ्याला सोडता येईल का? त्याच्या कंपनीत पाण्याच्या निचऱ्याचं काम त्यानं बघितलेलं, उताराचा हिशेब त्याला माझ्यापेक्षा बरा कळतो. आम्ही दोघांनी दोरी धरून बांधापासून ओढ्यापर्यंत उतार मोजला. दोन तास गेले त्यात. आई झाडाखाली बसून बघत होती.

परत येताना मी म्हणालो, "चाळीस हजार माझ्या ध्यानात हायेत."

तो म्हणाला, "मी मागितले का?"

झालं. एवढंच. दिवाळीचा विषय त्यानं काढला नाही, मी पण नाही. ते बोलायला हवं होतं असं मला रात्री वाटलं, पण गाडीची वेळ झाली होती. मिटलं असं मी म्हणणार नाही. भावजयीला जे लागलं असेल ते वेगळंच आहे, तिच्याशी मला बोलावं लागेल.

आता काही जण म्हणतील, येळवशीला राज्यभर सुट्टी मागा. मला नाही पटत. सरकारी सुट्टी दिल्यानं चाकणच्या कंपनीचं मशीन थांबत नाही, आणि विदर्भातल्या माणसाला येळवशीचं काय? तिकडं कापसाची वेचणी असते दिवाळीत, त्यांची फट वेगळी. ऊसवाल्यांची वेगळी, द्राक्षवाल्याला तर ऑक्टोबर छाटणीनंतर मान वर करायला वेळ नसतो. प्रत्येकानं आपल्या पिकाकडं बघून आपली तारीख काढावी आणि ती आधी सांगावी. आपण सांगतच नाही. "या की दिवाळीला" म्हणतो, आणि आल्यावर तोंड पाडून शेतात जातो. पाहुण्यानं ओळखून घ्यावं ही अपेक्षा. शहरातल्या माणसाला वाफसा आणि यंत्राचा नंबर कसा ओळखू येणार? त्याच्या शिफ्टचं तरी आपल्याला कुठं कळतं?

अजून एक, हे आपल्या बाजूचं आहे आणि जरा कडू आहे. "गावाकडं या" म्हणून आपण बोलावतो, रागावतो, ते आले नाहीत तर चार लोकांत बोलतो. आपण किती वेळा जातो? भाऊ चाकणला जाऊन तेरा वर्षं झाली. मी दोनदा गेलोय. एकदा वास्तुशांतीला, एकदा त्याच्या मुलाला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा. सणाला एकदाही नाही. शेत सोडता येत नाही, गुरं सोडता येत नाहीत, हे खरं आहे, पण दर वेळी तेवढं खरं नसतं. मार्चच्या मध्यापासून रोहिणीपर्यंत मी काय करतो? बहुतेक दुपारी पारावर बसतो.

आणि बायकांचं तर वेगळंच. दिवाळीत माझी बायको सकाळी काढणीला, दुपारी फराळाला, रात्री पाहुण्यांना. येळवशीला ती आणि आई पहाटे तीनला उठल्या होत्या भज्जी शिजवायला. मी येळवस चांगली म्हणतोय, पण तिच्यासाठी ती पण सुट्टी नव्हती. हे लिहिताना तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "मला कुठं तरी न्या की, जिथं मी चूल पेटवणार न्हाई."

म्हणून ठरवलंय. पुढचा गुढीपाडवा १९ मार्चला आहे. तोवर हरभरा निघालेला असेल, शाळू उशिराचा असला तरी कापून पडलेला असेल. पाडवा आम्ही चाकणला करायचा. आई, मी, ही आणि पोरगी. भावाला काल बसस्टँडवर सांगितलं. तो म्हणाला, "घर लहान हाय दादा." मी म्हणालो, "मावतो आम्ही." भावजयीशी तिथंच बोलणार आहे, फोनवर नको.

अडचण एकच राहिलीय. दोन म्हशी आहेत, त्यातली एक मार्चमध्येच व्यायला आलेली असेल. शेजारच्या काकांना विचारलंय धारेचं. ते म्हणाले, बघू. त्यांचा पोरगा हैदराबादला असतो, तो कधी येतो ते मी त्यांना विचारलं. म्हणाले, दिवाळीला येतो, अन् दोन दिवसांत जातो.